सारीच मूळव्याध नव्हे : मलाशयाचे लैंगिक संसर्ग, त्यांचे निदान व उपचार

शौचाच्या वेळी रक्त पडू लागले, गुदद्वारापाशी ठणका लागला किंवा कपड्यास ओलसर डाग पडू लागला, की मराठी माणूस ‘मूळव्याध’ हा एकच शब्द उच्चारतो. कानडीतही तोच शब्द ‘मूलव्याधि’ या रूपात तितक्याच सैलपणे वापरला जातो. त्यामुळे हुबळी-धारवाडसारख्या, दोन्ही भाषा कानांवर पडणाऱ्या परिसरात रुग्ण कोणत्याही भाषेत बोलला तरी दवाखान्याच्या नोंदवहीत पहिल्या दिवशी एकच रोग लिहिला जाण्याचा संभव मोठा असतो.

अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना खरोखरीच मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर असते, हे खरे. परंतु काहींच्या मलाशयास परमा, क्लॅमिडिया, उपदंश किंवा परिसर्प यांच्या संसर्गाने दाह झालेला असतो. हे रोग लैंगिक संबंधातून होतात. ते ओळखता येतात आणि परिसर्पाचा अपवाद सोडल्यास औषधाने पूर्ण बरे होतात. औषधेही दुर्मिळ वा फार महाग नाहीत. असे असूनही निदानास कधी कधी कित्येक महिने लागतात, कारण रुग्ण आपण होऊन सांगत नाही आणि डॉक्टर विचारीत नाही. ‘गुप्तरोग’ या जुन्या नावानेच हा रोग गुप्त ठेवावयाचा असतो, असा समज पिढ्यान्‌पिढ्या रुजविला आहे.

महामार्गावरील शहर

पुणे-बंगळूर महामार्गावरील हुबळी हे मिरज, सोलापूर आणि गोवा या तिन्ही दिशांच्या लोहमार्गांचेही जंक्शन आहे. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर लगेच, १९५७ साली, हुबळीत कर्नाटक मेडिकल कॉलेजची स्थापना झाली. पुढे ‘किम्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेच्या रुग्णालयात उत्तर कर्नाटकातील अनेक जिल्ह्यांतून रुग्ण येतात. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून हुब्बळ्ळी झाले असले, तरी मराठी बोलण्यात ते हुबळीच राहिले आहे.

सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा हा मुलूख लैंगिक आरोग्याच्या दृष्टीने एकच आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीस दोन्हीकडचे भाविक जातात. मालमोटारी, हमाल, हंगामी मजूर यांची ये-जा तर अखंड चालते. एचआयव्हीचा प्रसार याच पट्ट्यात तीव्र झाला होता. त्याविरुद्धचे कामही दोन्ही बाजूंनी उभे राहिले. सांगलीत १९९२ साली ‘संग्राम’ या संस्थेने कार्य आरंभिले आणि ते सीमेपलीकडे निपाणीपर्यंत पोचले. कर्नाटकात २००३ साली सुरू झालेल्या ‘आवाहन’ कार्यक्रमाखाली कर्नाटक हेल्थ प्रमोशन ट्रस्टने उत्तरेकडील जिल्ह्यांत लैंगिक आजारांच्या उपचारांची सोय केली. या कामाचा भर आरंभी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर होता. पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि यल्लम्मेस वाहिलेले जोगप्पा यांचा विचार क्रमाने पुढे आला. मलाशयाच्या संसर्गाचा प्रश्न त्यांच्याबरोबरच चर्चेत आला, परंतु तो केवळ त्यांचाच आहे असे मानणे चुकीचे ठरेल.

उदाहरणादाखल एक रुग्ण कल्पावा. वय सव्वीस, मालमोटारीवर क्लीनर, राहणारा कोल्हापूरकडचा. हुबळीच्या अमरगोळ बाजार समितीत माल उतरेपर्यंत त्याचा मुक्काम गाडीतच असतो. तीन आठवड्यांपासून त्यास वरचेवर शौचाची भावना होते, कुंथावे लागते आणि पुष्कळदा नुसती रक्तमिश्रित शेम पडते. पहिल्या गावी औषधाच्या दुकानातून त्याने मलम आणि इसबगोल घेतले. दुसऱ्या गावी ‘आव’ म्हणून मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या मिळाल्या. त्यानंतर बसस्थानकाजवळील ‘शस्त्रक्रियेविना मूळव्याध बरी’ असा फलक पाहून तो आत गेला आणि पैसे मोजून बाहेर आला. हुबळीच्या बाह्यरुग्ण विभागात तो पोचेपर्यंत आणखी तीन आठवडे उलटले. या सहा आठवड्यांत तीन ठिकाणी त्याच्यावर उपचार झाले, परंतु कोणीही त्यास तपासले नव्हते.

जागा एक, लक्षणे निरनिराळी

मलाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा सुमारे बारा सेंटिमीटरचा भाग. त्याच्या आतील अस्तर एकाच थराच्या नाजूक पेशींचे असते. संसर्ग झाला की ते लाल होते, सुजते आणि शेम व पू पाझरू लागतो. मात्र तेथे वेदना फारशी जाणवत नाही. त्याखालील गुदमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. त्याच्या खालच्या भागाचे अस्तर त्वचेसारखे असून त्यात वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते. म्हणून मलाशयातील परमा किंवा क्लॅमिडिया बहुधा कुंथणे, शेम आणि चिकट स्राव या रूपाने प्रकट होतो, तर गुदमार्गावर परिसर्पाचे फोड आले की रुग्णास बसणेही अशक्य होते. जुलाब, पोटात मुरडा आणि ताप असल्यास दाह मलाशयाच्या वर मोठ्या आतड्यात पसरला असावा असे समजावे. तेथे आमांशाचे जंतू आणि अमीबा यांचाही विचार करावा लागतो. हे दोन्हीही काही वेळा लैंगिक संपर्कातूनच संक्रमित झालेले असतात.

मलाशयातील परमा व क्लॅमिडिया यांचे पुष्कळसे रुग्ण कोणतीच तक्रार करीत नाहीत, हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. त्यांना त्रास नसतो, पण त्यांच्यापासून दुसऱ्यास संसर्ग होतो. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. योनिमार्गातील संसर्गाचा स्राव मागे ओघळून मलाशयास बाधा होऊ शकते. त्यासाठी गुदमार्गे संबंध आलेलाच असला पाहिजे असे नाही. ज्या स्त्रीला नवऱ्याकडून परमा झाला आहे, तिच्या मलाशयातही तो असू शकतो, ही शक्यता क्वचितच कोणाच्या मनात येते.

उपदंशाची गोष्ट वेगळी. या रोगाशी भारतीय वैद्यकाची ओळख सोळाव्या शतकापासूनची आहे. ‘भावप्रकाश’ या ग्रंथात तो फिरंग्यांच्या संपर्कातून येणारा ‘फिरंग रोग’ म्हणून वर्णिला आहे, आणि मराठीत तो ‘गरमी’ या नावाने घरोघरी माहीत होता. त्याचा पहिला व्रण गुदद्वारापाशी आला की हमखास चीर समजला जातो. साधी चीर बहुतेक वेळा गुदद्वाराच्या मागील मध्यरेषेवर असते. उपदंशाचा व्रण कोठेही येतो, त्याचा तळ बोटास टणक लागतो आणि जांघेत रबरासारख्या गाठी लागतात. तो तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. मलमाने गुण आला असे रुग्णास व डॉक्टरासही वाटते, आणि रोग मात्र रक्तातून शरीरभर जातो. दुसऱ्या अवस्थेत गुदद्वाराभोवती ओलसर, चपटे उंचवटे येतात. ते अतिशय संसर्गजन्य असतात. त्यांना ‘मोड’ समजून कापण्याची घाई करण्यापूर्वी रक्ताची व्हीडीआरएल तपासणी केली, तर एक अनावश्यक शस्त्रक्रिया टळते. मलाशयाच्या आत झालेला उपदंशाचा व्रण तर कर्करोगासारखाही दिसू शकतो.

एका विसरलेल्या रोगाचे पुनरागमन

क्लॅमिडिया या जंतूचे काही प्रकार सौम्य दाह करून थांबतात. परंतु त्यांतील एल या गटाचे प्रकार अस्तराखाली शिरून लसीका ग्रंथी पोखरतात. या रोगास लिम्फोग्रॅन्युलोमा व्हेनेरियम असे लांबलचक नाव आहे. मराठीत जांघेत येणाऱ्या दुखऱ्या गाठीस ‘बद’ म्हणतात. या रोगाचे सर्वपरिचित लक्षण ते हेच.

संसर्ग जननेंद्रियावर झाला तर तेथील लसीका जांघेकडे वाहते, म्हणून बद येते. संसर्ग मलाशयात झाला तर तेथील लसीका ओटीपोटाच्या आतील, बाहेरून न दिसणाऱ्या ग्रंथींकडे जाते. बद येत नाही. पाहणाऱ्यास रोगाची ओळखीची खूणच सापडत नाही. आत मात्र व्रण पडतात, भगंदर होते आणि उपचार न झाल्यास काही वर्षांनी मलाशय आकसून नळीसारखा अरुंद होतो. पूर्वी अशा आकसलेल्या मलाशयाचे खापर उपदंशावर फोडले जाई. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ विल्हेल्म फ्राय यांनी १९२५ साली या रोगाची त्वचेतील चाचणी शोधून काढल्यावर त्यांतील पुष्कळ रुग्णांच्या रोगाचे मूळ हे असल्याचे उघडकीस आले. ती चाचणी आता वापरात नाही.

श्रीमंत देशांतून हा रोग जवळजवळ गेला असे समजले जात असतानाच, २००३ साली नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये त्याचा उद्रेक आढळला. त्यांना बद नव्हती. त्यांना कुंथणे, रक्त आणि शेम होती. त्यांतील बरेचजण एचआयव्हीबाधितही होते. पुढे युरोपातील अनेक शहरांतून असेच रुग्ण सापडले. त्यांतील काहींना आधी आतड्याचा दीर्घकालीन दाह ठरवून त्याची औषधे देण्यात आली होती. मलाशयातील तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी दोन्ही रोगांचे चित्र फसवे सारखे दिसते. भारतात याहून निराळा धोका संभवतो. येथे आतड्याचा क्षय असामान्य नाही. तेव्हा अशा तुकड्याच्या अहवालात कणार्बुदाचा उल्लेख दिसला, की रुग्णास सहा महिने क्षयाची औषधे सुरू होणे अशक्य नाही. रोगाच्या पूर्ववृत्ताविना केवळ काचपट्टीवर विसंबणे या ठिकाणी धोक्याचे ठरते.

विचारावे कसे

निदानाची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसून डॉक्टरच्या टेबलाशी आहे. प्रश्न एकांतात विचारावयाचा असतो. सोबत आलेला भाऊ, मालक किंवा सासू बाहेर थांबली पाहिजे, आणि पडद्याआड इतर रुग्ण रांगेत उभे नसावेत. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे कठीण असते, पण परिचारिकेच्या खोलीत दोन मिनिटे मिळू शकतात.

प्रश्न सरळ आणि निर्विकार असावा. “अशी तक्रार कधी कधी शरीरसंबंधातूनही होते, म्हणून प्रत्येक रुग्णाला हे विचारावे लागते. मागील बाजूने संबंध आला होता का?” एवढे पुरे. ‘तुम्ही तसले काही करता का’ असे विचारल्यास उत्तर नाहीच असे येणार. रुग्ण विवाहित आहे म्हणून प्रश्न वगळू नये, आणि स्त्री आहे म्हणून तर मुळीच वगळू नये. गुदमार्गे संबंध पतीपत्नींमध्येही येतो. तो काही वेळा पत्नीच्या इच्छेविरुद्धही आलेला असतो, आणि ते सांगण्याची संधी तिला या प्रश्नावाचून मिळत नाही.

पूर्वी अशा कबुलीमागे कायद्याचे भय होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचा खाजगी संबंध हा गुन्हा नव्हे असा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३७७ कलम नाही. ही गोष्ट रुग्णास माहीत असतेच असे नाही. ती त्यास दोन शब्दांत सांगितल्यास पुढील बोलणे पुष्कळ सोपे होते. रुग्ण अठरा वर्षांखालील असेल तर मात्र प्रसंग निराळा. मुलाच्या गुदद्वाराशी परमा किंवा उपदंश आढळल्यास लैंगिक अत्याचाराची शंका घेतलीच पाहिजे, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये त्याची खबर देणे बंधनकारक आहे. त्याचबरोबर उपचार विनाविलंब करावयाचे असतात.

पाहावे कसे

मूळव्याध, चीर, भगंदर, कर्करोग आणि संसर्ग यांतील भेद बोट घालून आणि प्रॉक्टोस्कोपने पाहिल्याखेरीज होत नाही. हे उपकरण साधे, स्वस्त आणि बहुतेक रुग्णालयांत उपलब्ध असते. ते वापरले जात नाही, ही खरी अडचण होय. रुग्णास डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवावे, काय करणार ते आधी सांगावे आणि सोबत परिचारक असावा. नमुना घ्यावयाचा असल्यास उपकरणास जेलीऐवजी सलाइनचे पाणी लावावे, कारण काही जेलींतील द्रव्यांनी परम्याचे नाजूक जंतू मरतात. गुदमार्ग अतिशय दुखत असेल तर बळाने तपासू नये. त्या दिवशी बाहेरून पाहून उपचार सुरू करावेत आणि चार दिवसांनी पुन्हा पाहावे.

आत लालसर, सहज रक्त येणारे अस्तर आणि त्यावर पू दिसला तर कापसाच्या काडीने तो टिपून काचपट्टीवर घ्यावा. ग्रॅम रंजनानंतर सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने दिसल्या तर दाह निश्चित होतो. पेशींच्या आत जोडीजोडीने बसलेले गुलाबी जंतू दिसले तर परमा. मात्र ते न दिसल्याने परमा नाही असे सिद्ध होत नाही. मलातील इतर असंख्य जंतूंच्या गर्दीत ते हरवतात. क्लॅमिडिया तर या रीतीने दिसतच नाही.

यासाठी जंतूंचे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी सर्वांत भरवशाची. मलाशयातील नमुन्यावर अशा दोन चाचण्या वापरण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०१९ मध्ये मान्यता दिली. भारतात क्षयासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत बसविलेली जनुकीय चाचणीची यंत्रे याच तत्त्वावर चालतात, मात्र त्यांत या रोगांचे निराळे काडतूस लागते. वैद्यकीय महाविद्यालयाखेरीज इतरत्र ही सोय मिळेलच असे नाही, आणि तिच्यासाठी उपचार थांबवावेत असेही नाही.

मलाची सूक्ष्मदर्शक तपासणी उपयोगी आहे, परंतु तिच्यावर अवास्तव विश्वास ठेवला जातो. अमीबाच्या पुटी दिसल्या की रोगाचे कारण सापडले असे समजतात. अमीबाची एक निरुपद्रवी जात हुबेहूब तशीच दिसते. तांबड्या पेशी गिळलेला, हालचाल करणारा अमीबा ताज्या मलात दिसला तरच त्यास दोष देणे योग्य. मेट्रोनिडॅझोलचा एक क्रम पुरा होऊनही शेम आणि कुंथणे कायम असेल, तर तोच क्रम पुन्हा देण्यापेक्षा मलाशयात डोकावणे अधिक शहाणपणाचे.

प्रत्येक रुग्णाची उपदंश, एचआयव्ही व हिपॅटायटिस ‘बी’ यांसाठी रक्ततपासणी करावी. मलाशयाचा दाह असताना एचआयव्हीचा शिरकाव सुलभ होतो, हे या साऱ्या खटाटोपामागील एक मोठे कारण आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध अधिनियमानुसार ही तपासणी रुग्णाच्या माहितीपूर्वक संमतीने करावयाची असते आणि तिचा निष्कर्ष गोपनीय ठेवावा लागतो.

उपचार

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००७ नंतर, लैंगिक आजारांसाठी लक्षणांनुसार रंगीत संचांची पद्धत देशभर आली. त्यांतील करड्या रंगाचा पहिला संच मूत्रमार्गाच्या व गुदमार्गाच्या स्रावासाठी होता : सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, दोन्ही एकदाच, डॉक्टरसमोर घ्यावयाची. प्रयोगशाळेवाचून त्याच दिवशी उपचार करता येणे हा या पद्धतीचा मोठा लाभ. खेड्यातील रुग्ण दुसऱ्यांदा येईलच याची शाश्वती नसते.

परंतु मलाशयाच्या बाबतीत या संचाची मर्यादा पुढे स्पष्ट झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत मलाशयात क्लॅमिडिया असलेल्या, पण लक्षणे नसलेल्या पुरुषांना दोन गटांत औषधे देण्यात आली. सात दिवस डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांपैकी ९६.९ टक्के रोगमुक्त झाले, तर अ‍ॅझिथ्रोमायसिनची एकच मात्रा घेणाऱ्यांपैकी ७६.४ टक्के. दर चौघांत जवळपास एकाच्या शरीरात जंतू तसाच राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१६ मध्येच मलाशयासाठी डॉक्सिसायक्लिनला पसंती दिली होती. मात्रा १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेस व्रण पडतो. गर्भवतीस हे औषध देऊ नये. तिच्यासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिनच योग्य.

रक्तमिश्रित स्राव, मलाशयात व्रण किंवा एचआयव्हीची बाधा असेल, तर एल गटाचा क्लॅमिडिया गृहीत धरून हीच गोळी २१ दिवस द्यावी लागते. येथे जुन्या संचपद्धतीतील एक विसंगती नजरेत भरते. बद आलेल्या रुग्णास काळ्या संचातून २१ दिवस डॉक्सिसायक्लिन मिळे. तोच जंतू मलाशयात असलेल्यास मात्र, बद दिसत नाही म्हणून, एका दिवसाची औषधे मिळत.

परम्याबाबत सावधगिरी हवी. या जंतूने एकामागून एक औषधांना दाद देणे सोडले आहे. पेनिसिलीन निष्प्रभ करणारे प्रकार १९७६ सालीच आढळले, पुढे सिप्रोफ्लॉक्सासिनही गेले. म्हणून शक्य तेथे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे स्नायूतील इंजेक्शन श्रेयस्कर मानतात. त्याची मात्राही वाढवावी लागली आहे. अमेरिकेत ती २०२० च्या अखेरीस २५० वरून ५०० मिलिग्रॅमवर गेली. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने घेतलेल्या दोन-तीन गोळ्यांनी रोग दबतो आणि जंतू अधिक निगरगट्ट होतो.

उपदंशास मात्र पेनिसिलीन आजही पुरून उरते. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलीन २४ लाख युनिट, स्नायूत, एकदाच. रोग वर्षाहून जुना किंवा मुदत अज्ञात असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. पहिल्या इंजेक्शननंतर चोवीस तासांत थंडीताप येऊ शकतो. तो जंतू मरण्याचा परिणाम असतो, औषधाची बाधा नव्हे. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण परत येत नाही.

परिसर्पासाठी असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, सात ते दहा दिवस. या रोगात लघवी अडणे आणि नितंबांत मुंग्या येणे ही लक्षणेही दिसतात. २०२२ च्या जागतिक साथीपासून एमपॉक्सचाही विचार करावा लागतो : मलाशयात असह्य वेदना, ताप आणि अंगावर थोडेच फोड.

जोडीदाराच्या उपचाराविना हे सारे वाया जाते. मागील ६० दिवसांतील जोडीदारांना तपासून औषध द्यावे. उपचारानंतर किमान सात दिवस आणि लक्षणे जाईपर्यंत संबंध टाळावा. पुढे निरोध वापरावा, आणि त्याबरोबर खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल वापरू नये. तेलाने निरोधाचे रबर काही मिनिटांत कमकुवत होऊन फाटते. पाण्यात विरघळणारे वंगण वापरावे. याविषयी, तसेच एचआयव्ही तपासणीविषयी, १०९७ या निःशुल्क दूरध्वनीवर नाव न सांगता विचारणा करता येते.

वर कल्पिलेल्या क्लीनरास हुबळीत पडद्यामागे तो एक प्रश्न विचारला गेला, तर तो काही क्षण गप्प राहून मान डोलावील. प्रॉक्टोस्कोपमधून व्रण आणि पू दिसेल. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे इंजेक्शन त्याच दिवशी आणि डॉक्सिसायक्लिनच्या ४२ गोळ्या हाती, एवढाच त्याचा उपचार. व्हीडीआरएल १:३२ आली तर पेनिसिलीनही. खरी अडचण त्यानंतरची. तीन महिन्यांनी मलाशयाची व एचआयव्हीची फेरतपासणी, आणि सहा व बारा महिन्यांनी व्हीडीआरएल १:८ किंवा त्याखाली उतरली की नाही हे पाहणे आवश्यक असते, आणि त्या तारखांना गाडी कोणत्या गावी असेल हे त्यास ठाऊक नसते. म्हणून तपासणीचे आकडे, औषधाचे नाव व मात्रा आणि पुढील तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याच्याजवळ द्यावी. तिच्यावर रोगाचे नाव लिहिण्याची गरज नाही. कोल्हापूर असो वा धारवाड, पुढच्या डॉक्टरास ते आकडे पाहून सारे कळते, आणि गाडीच्या कप्प्यात ती चिठ्ठी मालकाच्या हाती पडली तरी त्यास काही उमगत नाही.